अनिमनीचा नवस

“फूल आलं तर माझे केस जातील, आणि नाही आलं तर ते अडकून राहतील,” असं राजाबाई एकदा मालनला म्हणाली होती.

बकऱ्या राखणारी मालन तेव्हा लेंडीखताची टोपली घेऊन परसदारी आली होती. टोपली अजून तिच्या डोक्यावरच होती. ‘ते’ म्हणजे कोण, हे तिने विचारलं नाही. देवासच्या त्या गल्लीत सगळ्यांनाच माहीत होतं की बापूसाहेबांचा मुलगा शरच्चंद्र वारला आहे आणि अजून सुटलेला नाही. त्याला सोडवणारं फूल त्याच्या बायकोने वाढवायचं होतं.

राजाबाई धारची. तिचे वडील तिथल्या एका देवळात पुराण सांगत. लग्न होऊन ती देवासला आली तेव्हा इतकी लहान होती की सासरच्या परसात उभी राहून तिने झोपाळा कुठे आहे म्हणून विचारलं. झोपाळा नव्हता. विहीर होती, तुळशीवृंदावन होतं, तांबडी कण्हेर होती आणि काळ्या मातीचा एक तुकडा होता, त्यात अक्का अळू लावत. देवास या एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती; परसाच्या भिंतीपलीकडे धाकट्या पातीची हद्द लागे. आपल्या कण्हेरीचं पान गळलं की ते परक्या राज्यात पडतं, असं शरच्चंद्र तिला हसून सांगे. घरात माणसं मोजकी. सासू नव्हती. सासरे बापूसाहेब थोरल्या पातीच्या अफूच्या कोठारावर कामाला होते. अक्का ही त्यांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन परत आलेली, आणि घर तिच्याच हातात होतं.

शरच्चंद्र शाळेत इंग्रजी शिकवी आणि चित्रकला शिकवी. एका हिवाळ्यात तो काही मुलांना घेऊन इंदुरास गेला. तिथे कुणा साहेबाच्या बंगल्यासमोर त्याने एक फूल पाहिलं. परत आला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसला आणि पाटीवर तांबड्या खडूने ते राजाबाईला काढून दाखवू लागला. देठ सरळ, पानं कोथिंबिरीसारखी, पाकळ्या लाल, आणि मधोमध काळं. डोळ्यांत काजळ घालतात तसं काळं.

“हे तर अफूचंच फूल,” ती म्हणाली. माघात देवासच्या बाहेर जिकडे पाहावं तिकडे अफूची शेतं फुललेली असत. तिला दुसरं काय आठवणार!

“अफूचं फूल वारा आला की गळतं,” तो म्हणाला. “हे संध्याकाळी मिटतं आणि सकाळी पुन्हा उघडतं.”

नाव त्याने सांगितलं ते अनिमनी. अक्का ते अनमनी असं म्हणू लागल्या. माळव्यात मन लागत नसलेल्या माणसाला अनमना म्हणतात, त्यामुळे ते नाव घरात लगेच रुळलं.

पुढच्या हिवाळ्यात प्लेग आला. गाव ओस पडलं आणि माणसं शेतांत झोपड्या घालून राहिली. शरच्चंद्राच्या काखेत गाठ आली. शेजारच्या तिन्ही झोपड्यांतून माणसं उचलून नेली गेली होती. तेव्हा तो बापूसाहेबांचा हात धरून नवस बोलला: यातून उठलो तर हाटपिपल्याच्या नरसिंहाला असं फूल वाहीन, की जे त्याने आजवर पाहिलं नाही, माझ्या घरच्या मातीत, घरच्या हाताने वाढवलेलं, आणि ते वाहीपर्यंत डोक्याला वस्तरा लावणार नाही.

तो उठला. गाठ फुटली, ताप उतरला. उन्हाळ्यात त्याने पुण्याच्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याला अनिमनीचे गड्डे पाठवायला सांगितलं. क्षौर बंद केलं. शेंडीभोवतीचे केस वाढून मानेवर आले तेव्हा शाळेतली मुलं त्याला पाठीमागे बैरागी म्हणत. तो घरी येऊन ते राजाबाईला सांगे आणि दोघं हसत. आणि श्रावणात साध्या तापाने, प्लेगाने नव्हे, गाठ नव्हे, दोन-चार दिवस कण्हून तो गेला.

दहाव्याला तलावाच्या काठी पिंड ठेवला. राजाबाईला थोडी दूर, धरलेल्या धाबळीच्या आडोशाला बसवलं होतं. तिच्याजवळ अक्का होत्या आणि न्हावी होता. त्याने दगडावर पाणी शिंपडून वस्तरा पाजळायला घेतला होता. नवऱ्याचा दहावा तोच बायकोच्या केसांचा दिवस. घराण्यात तसंच चालत आलं होतं. पिंडाला कावळा शिवला, की मग इकडचं काम.

कावळे होते. बाभळीवर बसले होते, खाली उतरून चालत होते, पण पिंडाजवळ जात नव्हते. बापूसाहेबांनी हात जोडून एकेक वचन दिलं. वर्षश्राद्ध काशीला करू म्हणाले. राजाबाईला अंतर देणार नाही म्हणाले. तुझी पुस्तकं विकणार नाही म्हणाले. ऊन चढलं. तेव्हा भगवंतभटजी हळूच म्हणाले, “देवाचं काही राहिलंय का पाहा.”

बापूसाहेबांना रडू फुटलं. “शरद, तुझा नवस तुझी बायको फेडील,” ते म्हणाले. “तो फिटेपर्यंत तुझ्याप्रमाणेच तिच्याही डोक्याला वस्तरा लागणार नाही.”

कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

न्हाव्याने वस्तरा मांडीवर पुसला, मिटला आणि पिशवीत टाकला. राजाबाईच्या कानाशी अजून दगडावरचा तो खसखस आवाज चालूच होता.

केस तिला फार प्रिय होते अशातला भाग नव्हता. ते दाट होते, गुडघ्यांपर्यंत येत, धुवायला वेळ लागे, आणि आता तर ते पदराखालून बाहेर दिसायचेही नव्हते. पण ती लग्न होऊन आल्यापासून दर पंधरवड्याला अक्कांना पाहत होती. परसात कण्हेरीखाली अक्का पाटावर बसत. न्हावी मागे उभा राही. तो एक हात अक्कांच्या कपाळावर ठेवून डोकं मागे झुकवी. कुणाही पुरुषाच्या सावलीला न जाणाऱ्या अक्का, ज्यांच्याशी बापूसाहेबही पुढे होऊन बोलत नसत, त्या डोळे मिटून घेत आणि मांडीवरचं पितळी भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरून बसत. बोटं पांढरी पडत. मग उठून आंघोळ करत आणि दिवसभर कुणाशी बोलत नसत. हे अक्कांचं वयाच्या बाराव्या वर्षापासून चाललं होतं. एकदाच व्हायचं असतं तर राजाबाईने सोसलं असतं. हे मरेपर्यंत होतं.

आश्विनात टपालाने गड्डे आले. काळे, सुरकुतलेले, लाकडासारखे कठीण. अक्कांनी एक तळहातावर घेऊन पाहिला.

“साहेब लोक शेळ्यांच्या लेंड्या टपालाने विकतात,” त्या म्हणाल्या, “आणि आमचे लोक विकत घेतात. ती मालन फुकट देते त्या काय वाईट आहेत?”

पहिल्या वर्षी राजाबाईने जीव तोडून केलं, हे सांगायला हवं. तिने गड्डे रात्रभर पाण्यात ठेवले, ते बोरासारखे फुगले. त्यांची खालची बाजू कोणती आणि वरची कोणती हे कळेना, म्हणून तिने ते आडवे लावले. दसरा झाल्यावर, थंडी पडू लागली तेव्हा, तुळशीच्या पायथ्याशी, घरातली सगळ्यांत पवित्र जागा म्हणून. आणि रोज सकाळी आंघोळ करून, तुळशीला घालते तसं, त्यांनाही भक्तीने पाणी घातलं. देवाची वस्तू; तिला तहानलेली कशी ठेवायची? माळव्याची काळी माती पाणी धरून बसते. मार्गशीर्ष आला तरी वर काही दिसेना, तेव्हा तिने बोटाने माती उकरली. उकडलेल्या बटाट्यासारखा गड्डा बोटाखाली दबला. दुसराही तसाच. सगळे तसेच.

ती वृंदावनाच्या कठड्यावर कपाळ टेकून रडू लागली. त्याला एवढंही करून देता आलं नाही, म्हणून रडत होती. अक्का मागून आल्या.

“रडतेस कशाला?” त्या म्हणाल्या. “वर्ष मिळालं तुला.”

त्यांच्या आवाजात माया नव्हती आणि टोमणाही नव्हता. त्या कळशी भरून आत निघून गेल्या. राजाबाईचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. तिने हातातल्या कुजलेल्या गड्ड्याकडे पाहिलं. त्या क्षणापर्यंत तिला हे सुचलं नव्हतं, आणि एकदा सुचल्यावर ते विसरणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या वर्षी बापूसाहेबांनी व्यापाऱ्याकडून जातींची यादी मागवली. ते ओसरीवर चष्मा लावून बसले, ती दाराच्या आत उभी राहिली, आणि ते इंग्रजी वाचून तिला मराठीत सांगू लागले. निवड तिने करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. नवस तिच्या हातचा होता.

“ही लाल, एकेरी. कणखर आहे म्हणतो. कुठेही येते.”

“आणखी?” तिने आतून विचारलं.

“ही निळी. हीही चांगली. आणि ही...” ते थांबले, ओठ चावत पुढचं मनात वाचलं, आणि एक सुस्कारा टाकून म्हणाले, “ही दुहेरी पाकळ्यांची. दिसायला फार सुंदर. पण नाजूक आहे, उष्ण मुलखात भरवसा देत नाही म्हणतो.”

“तीच मागवा, मामंजी,” राजाबाई आतून म्हणाली. “देवाला वाहायचं तर सुंदरच हवं.”

बापूसाहेबांचे डोळे भरून आले. “शरद असंच म्हणाला असता,” ते म्हणाले.

आत चुलीपुढे बसलेल्या अक्कांनी फुंकणी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. 

त्या वर्षी तिने गावातल्या एका माळ्याला सगळं विचारून घेतलं. वाळू हवी का? हवी. पाणी कमी हवं का? कमी. ऊन हवं का? हवं. आणि जे जे हवं ते ते टाळलं. निव्वळ काळी माती, विहिरीजवळची ओल, कण्हेरीची सावली. सकाळ-संध्याकाळ पाणी. गल्लीतल्या बायका भिंतीवरून पाहत आणि म्हणत, काय निष्ठा हो पोरीची! ती मान खाली घालून पाणी घालत राही. पाणी घालताना तिचे ओठ हलत. बायकांना वाटे, नाव घेते आहे. ती म्हणत असे, येऊ नको. येऊ नको.

आणि रोज जेवणाआधी ती भिंतीवर काकबळी ठेवी. एक कावळा येऊन बसे. भाताकडे पाही, तिच्याकडे पाही, आणि न शिवता उडून जाई. इतर घरांच्या भिंतींवरचा भात संपलेला असे. तिच्या भिंतीवरचा तिसऱ्या प्रहरी मुंग्या नेत. याला काही अर्थ नाही, असं तिला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या घरात तसं सांगणारा एकच माणूस होता, आणि तोच गेला होता. तिचा नवऱ्यावर जीव होता. हाच सगळ्याचा फास होता. तो वाईट असता, तर तिने त्याला खुशाल भिंतीवर बसू दिलं असतं.

याच दिवसांत ती मालनला ते वाक्य म्हणाली. मालनने टोपली उतरवली, घाम पुसला.

“मग अफूचं फूल तोडा आणि वाहून टाका की. लालच असतंय. देवाला कई समजतंय?”

“नवस फिटला म्हणतील. केस जातीलच.”

“हां, ते बी खरं.” मालनने विचार केला. “तर मग काहीच नका करू, बाईसाब.”

“तेच करतेय गं. रोज दोन वेळा तेच करतेय.”

मालन हसली, मग तिला दिसलं की राजाबाई हसत नाही. “माझा धनी मेला असता ना,” ती खाली बसत म्हणाली, “तर मी दुसऱ्याशी पाट लावला असता. तुमच्यात लई भारी लोक. मेलेल्यालाबी सोडत नाहीत अन् जित्यालाबी.”

दुहेरी अनिमनीही कुजली. फाल्गुनात राजाबाईने माती उकरून बापूसाहेबांना दाखवली. ते पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

आणखी एक वर्ष मिळालं. पण आता घराबाहेरून रेटा येऊ लागला. धारला तिचे वडील वारले होते. भावांच्या मुली लग्नाला आल्या होत्या, आणि सकेशा विधवा आत्या असलेल्या घरात मुलगी करायला लोक कचरत होते. मोठा भाऊ येऊन ओसरीवर बसला, तिच्याशी न बोलता बापूसाहेबांशी बोलला आणि जेवून गेला. भगवंतभटजी सणावारी आठवण देत. ती सकेशा म्हणून तिच्या हातचं पाणी बापूसाहेब अजून घेत नव्हते. त्यांचा तांब्या अक्का भरत. त्यात बापूसाहेबांची छाती धरू लागली. चार पावलं चालले की खोकत आणि भिंतीला टेकून उभे राहत.

“मी गेलो तर हे कोण करील?” एक दिवस ते म्हणाले. “या वर्षी मी स्वतः लावतो.”

त्यांनी यादीतली लाल, एकेरी, कणखर जात मागवली. खंडोजी गाडीवानाकडून नदीची वाळू आणवली. परसात जिथे दिवसभर ऊन असे तिथे विटा रचून उंच वाफा केला, माती चाळली, पानांचं खत मिसळलं. पाणी ते स्वतः घालीत, झारीने, माती कोरडी दिसली तरच. सकाळी खुर्ची टाकून, शाल पांघरून ते वाफ्याशी बसत, आणि खोकला आला तर तोंड वळवून खोकत. जणू रोपांना लागेल. राजाबाई आतून पाहत असे. कार्तिकात वाळूतून हिरवं काही वर आलं. कोथिंबिरीसारखं. पाटीवर काढलं होतं अगदी तसं.

एकदा ते दुपारी झोपले असताना तिने परसाचं दार उघडं ठेवलं. मालनच्या बकऱ्या आत आल्या. त्यांनी अळू खाल्लं, कण्हेर सोडली, वाफ्याशी जाऊन पानं हुंगली आणि मागे फिरल्या. अनिमनीची पानं तिखट असतात, जनावर तोंड लावत नाही. एका झुडपापुढे बकरीनेही आपली साथ सोडावी याचं राजाबाईला हसू आलं. ते हसू बराच वेळ थांबेना, आणि अक्कांनी येऊन तिच्या दंडाला धरून तिला आत नेलं.

“मामंजी,” त्या संध्याकाळी ती दाराआडून म्हणाली, “फूल आलं तर वाहू. मी स्वतः वाहीन. पण तिथून नेमावरला नको.”

नेमावरला नर्मदा होती. नवस फेडून तसंच पुढे नेमावरला जायचं, तिथे नदीकाठी केशवपन करायचं, असं बापूसाहेबांनी भटजींशी बोलून ठरवलं होतं.

“मी शब्द दिलाय, राजा. पिंडासमोर.”

“शब्द नवसाचा दिलात. केसांचा कुठे दिलात?”

“फिटेपर्यंत, असं म्हणालो होतो. फिटल्यावर काय, ते त्यातच आलं.” त्यांना धाप लागली. “मला आनंद आहे का याचा? अक्काचे केस काढले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मी कण्हेरीमागे लपून बसलो होतो. मला ठाऊक नाही असं वाटतं तुला?”

“मग?”

“मग काय! पोरगा माझ्या दारात उभा आहे. आत येत नाही, जातही नाही. मी म्हातारा माणूस, मी कुणाची बाजू घेऊ?”

 आपण दोघं एकाच माणसासाठी रडतो आहोत, आणि त्यातून एकमेकांचा गळा धरतो आहोत, एवढं तिला त्या वेळी स्वच्छ दिसलं. दिसून उपयोग नव्हता.

पौषात पाला पडला, रात्रीतून दव गोठलं. सकाळी उठून पाहिलं तर अळू उकडल्यासारखं, हरभऱ्याची शेतं काळी, आणि वाफ्यातली रोपं जमिनीला चिकटलेली. बापूसाहेब अजून उठले नव्हते. राजाबाई वाफ्याशी ओणवी झाली. कोपऱ्यात, विटेच्या आडोशाला, एक रोप वाचलं होतं. पानांच्या मधोमध, खाली मान घातलेली, लवभरली एक कळी होती.

परसात कुणी नव्हतं. पाल्याने सगळं गेलं. हेही गेलं, म्हणता आलं असतं. कुणाला शंकासुद्धा आली नसती. तिने अंगठा आणि तर्जनी कळीच्या देठाला लावली. देठ थंड होता, आणि बाळाच्या मनगटासारखी त्याला बारीक लव होती. ती तशीच राहिली. नख लावायचं, एवढंच होतं. आतून खोकल्याचा आवाज आला. बापूसाहेबांचाच, पण बापलेकांचा खोकला एकसारखा होता. तिने बोटं काढून घेतली आणि उठली.

कळी मारता आली नाही, आणि ती जगावी असंही वाटलं नाही. पुढचे दिवस तिने असेच काढले. जेवण तुटलं. रात्रीतून उतरलेला चेहरा पाहून बायका म्हणत, तप आहे हो, तप.

माघात एका सकाळी उन्हाबरोबर कळी उघडली. लाल. मधोमध काळं. बापूसाहेब खुर्चीवरून खाली मातीत बसले. “शरद,” ते म्हणाले, “सुटलास रे.” मग त्यांना पुढे बोलवेना, त्यांनी हात उंचावून आत कुणाला तरी बोलावलं. अक्का आल्या, भटजींकडे माणूस गेला, खंडोजीला गाडी जुंपायचा निरोप गेला. राजाबाईला कुणी काही विचारलं नाही. तिचं काम सगळ्यांना ठाऊक होतं. तिने न्हायचं, ओल्या केसांनी फूल तोडायचं, ओल्या कापडाने झाकलेल्या तबकात ठेवायचं, आणि गाडीत बसायचं.

ओसरीवर भगवंतभटजी तबक घेऊन बसले होते. बापूसाहेब भिंतीला टेकून, कोट घालून, पागोटं बांधून तयार होते. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. गाडी दारात लागली होती. अक्का पायरीवर गाठोडं बांधत होत्या. त्यात शिधा होता, पितळी भांडं होतं आणि नव्या आलवणाची, विधवेच्या तांबड्या लुगड्याची, घडी होती. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज मधूनमधून येत होता.

राजाबाई परसातून आली. केसांतून पाणी ठिबकत होतं आणि तिने डोक्यावरून पदर घेतला नव्हता. फूल तिच्या दोन बोटांत होतं. ऊन लागून ते पूर्ण उघडलं होतं.

“या, या,” भटजींनी तबकावरचं कापड दूर केलं. “अस्सं. देठ खाली, मुख देवाकडे.”

ती तबकापाशी आली. वाकली. मग पुन्हा सरळ झाली आणि फूल चेहऱ्याजवळ नेलं.

“अगं!” अक्कांच्या हातून गाठोड्याची गाठ सुटली. “अगं, हुंगू नको! राजा!”

राजाबाईने डोळे मिटले आणि फूल हुंगलं. घाईने नाही. नवी नवरी वेणी हुंगते तसा पुरता श्वास घेतला. त्या फुलाला वास नसतो. तिने दुसऱ्यांदा हुंगलं.

भटजींनी तबक मागे ओढलं. “हुंगलं,” ते म्हणाले. “बापूसाहेब, हुंगलं हिने. आता हे देवाला कसं वाहायचं? उष्टं झालं.”

बापूसाहेबांचे ओठ हलत होते. “एकच होतं गं,” ते म्हणाले. “एकच आलं होतं.” त्यांनी हात पुढे केला होता, मारायला की आधाराला, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. “शरदचं काय आता? राजा? त्याचं काय?”

 राजाबाईच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. पुरात हातातलं मूल सुटलेल्या बाईचा चेहरा होता तो. तिने त्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं, ते फूल त्यांच्या तळहातावर ठेवलं, आणि त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटली.

अक्का पायरीवर उभ्या राहिल्या होत्या, वाटेतच. क्षणभर त्या तशाच राहिल्या. मग त्यांनी आपलं लुगडं सावरून अंग बाजूला घेतलं.

राजाबाई उंबरा ओलांडून, गाडीच्या कडेने, ओल्या मोकळ्या केसांनी बाहेर पडली.